मागचा शॉकअप पुन्हा पुन्हा गळतो: घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारवर तीन जोड्या गेल्यावर सापडलेलं कारण

हिंगणघाट तालुक्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. डवरे, वखरं, ट्रॉलीचे हूक, फवारणी पंपाचे स्टँड हे रोजचं काम. त्याच शेडच्या मागच्या बाजूला तीन वर्षांपासून एक दोन सीटची गाडी बांधतो आहे. गोल पाइपची चेसिस, सीटच्या मागे जुन्या झेनचं 993 सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट, चारही चाकांना धरून ठेवणारे वर-खाली दोन आर्म आणि तिरपा लावलेला स्प्रिंगसकट शॉकअप. गाडीची नोंदणी नाही आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 39 प्रमाणे नोंदणीशिवाय सार्वजनिक जागेवर गाडी चालवता येत नाही, म्हणून ती गावच्या रस्त्यावर नेतच नाही. कापसाचा हंगाम संपला की जवळच्या जिनिंग मिलचं आवार रिकामं होतं. मालकांनी परवानगी दिली आहे, तिथेच चालवतो.

अडचण अशी की चौदा महिन्यांत मागच्या शॉकअपच्या तीन जोड्या गळल्या. पहिली जोडी भंगारातून आणलेली, एका मोटारसायकलची. ती गेली तेव्हा वाटलं, जुनी होती. दुसरी त्याच मापाची, नवी. ती चार महिने टिकली. तिसरी खास कारसाठी बनवलेली, उंची आणि रिबाउंड (दबलेला शॉकअप परत ताणला जाताना होणारा अडसर) कमीजास्त करता येणारी, 80 मिमी स्ट्रोकची, म्हणजे जास्तीत जास्त 80 मिमी दबणारी. तिचा डावा शॉकअप नऊ आठवड्यांत ओला झाला, उजवा त्यानंतर पंधरा दिवसांनी. दर वेळी लक्षणं तीच: आधी मागून 'ठक्' असा आवाज, मग सीलपाशी तेलाचा ओला पट्टा, त्यावर काळ्या मातीचा लेप, आणि शेवटी चाक खड्ड्यातून बाहेर आल्यावर दोन-तीन हेलकावे.

आधी एक खुलासा, कारण यात अनेकांची फसगत होते. रॉडवर तेलाचा अगदी पुसट थर दिसणं म्हणजे गळती नव्हे. सील ओलं राहावं म्हणून तेवढा थर असतोच. बोटाने पुसल्यावर तासाभरात पुन्हा ओघळ आला, किंवा बॉडीच्या खालच्या टोकापर्यंत तेल उतरलं, तरच ते गळणं.

तिसरी जोडी काढून दुकानात बसलो होतो तेव्हा शेजारचे लेथवाले काका आले. त्यांनी शॉकअप हातात घेतला, रॉड दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "तू शॉकअप बदलून राह्यला भाऊ, पन त्याले मारून कोन राह्यलं ते तं पाय." त्या दिवशी चौथी जोडी मागवायचा विचार सोडला आणि गळालेल्या शॉकअपलाच विचारायला घेतलं. शॉकअप चुकीचा लागला की तो कुठे मार खातो त्याची खूण अंगावर ठेवतो.

दुपारच्या उजेडात वर्तमानपत्रावर शॉकअप ठेवला, रॉड पूर्ण बाहेर ओढला, कापडाने कोरडा केला आणि सावकाश फिरवला. क्रोम सगळीकडे आरशासारखं, फक्त एका बाजूला बोटभर रुंद पट्टा मंद झालेला, काचेवर फुंकर मारल्यासारखा. त्याच बाजूला सीलचा ओठ झिजून चपटा झाला होता. विरुद्ध बाजू नवीकोरी. रॉडवरचा 12 मिमीचा बम्प रबर, म्हणजे शेवटचा ठोका झेलणारा रबर, तीन तुकड्यांत फुटलेला. रॉडला मी एक केबल टाय घट्ट अडकवून ठेवला होता, म्हणजे शॉकअप जास्तीत जास्त किती दबला ते कळावं. तो टाय पार वर, टोपीखाली चेपून बसला होता.

याचा अर्थ दोन वेगळी दुखणी एकत्र होती. टाय टोकाला पोचला म्हणजे शॉकअप धातूला धातू लागेपर्यंत दबत होता. 'ठक्' आवाज त्याचाच. आणि एकाच बाजूला झीज म्हणजे रॉडवर आडवा जोर येत होता. रॉडवर सगळीकडे उभे बारीक ओरखडे असते, तर धूळ किंवा पकडीने धरल्याच्या खुणा समजलो असतो. रबर शाबूत आणि खालच्या डोळ्याचा (बोल्ट जातो त्या कडीचा) रबरी बुश ताणून फाटला असता, तर चाक लटकताना शॉकअप पूर्ण ताणला जातोय असं समजायचं. माझ्याकडे ही दोन्ही लक्षणं नव्हती.

शॉकअप तळाला का लागतो

इथे मोजल्याशिवाय काहीच कळत नाही. आधी चारही चाकांचं वजन. जिनिंगचा धर्मकाटा ट्रकसाठी असतो, एका चाकाच्या वजनासाठी तो फार ढोबळ. म्हणून ओळखीच्या सोयाबीन व्यापाऱ्याकडून 300 किलोचा प्लॅटफॉर्म काटा आणला. एका चाकाखाली काटा आणि उरलेल्या तिघांखाली काट्याच्या बरोबर उंचीचे लाकडी ठोकळे. विटा ठेवू नका, कडेला भार आला की फुटतात. चारही ठिकाणं एका पातळीत आहेत हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासलं. सीटवर माझ्या वजनाऐवजी युरियाची 45 किलोची बॅग आणि वर पाण्याने भरलेला 20 लिटरचा कॅन. मागे डावीकडे 172, उजवीकडे 168. पुढे 141 आणि 139. एकूण 620 किलो.

मागच्या एका चाकाचं, हबचं, ब्रेकचं आणि आर्मच्या निम्म्या भागाचं वजन सुमारे 30 किलो. ते स्प्रिंगवर येत नाही. म्हणजे मागच्या प्रत्येक स्प्रिंगच्या वाट्याला 140 किलो.

दुसरं माप म्हणजे चाक किती उचललं की शॉकअप किती दबतो. स्प्रिंग काढली, नुसता शॉकअप लावला, चाकाखाली जॅक घेतला आणि दहा-दहा मिलिमीटरने उचलत दोन बोल्टमधलं अंतर मोजून वहीत लिहीत गेलो. पहिल्या दहाला शॉकअप 5.8 मिमी दबला, शेवटच्या दहाला जेमतेम 5.1. चाक वर जातं तसा शॉकअप आणखी आडवा होतो, म्हणून असं होतं. हिशेबाने पाहिलं तरी तेच. खालचा आर्म 340 मिमी लांब, त्यावर शॉकअपचा बोल्ट आतल्या बिजागरीपासून 230 मिमीवर, आणि शॉकअप उभ्यापासून 35 अंश कललेला. 230 भागिले 340 म्हणजे 0.676, 35 अंशांचा कोसाइन 0.819, गुणाकार 0.554.

खरी मेख पुढे आहे. चाकाला स्प्रिंगचा जो कडकपणा जाणवतो तो स्प्रिंगच्या 0.554 पट नसतो, 0.554 च्या वर्गापट असतो. म्हणजे 0.307. एकदा जोर कमी होतो आणि एकदा अंतर. शॉकअप वीस अंश आणखी कलवला तर दिसायला फरक छोटा वाटतो, पण चाकापाशी निम्मी स्प्रिंग गायब झालेली असते.

माझी स्प्रिंग किती कडक आहे ते त्यावर लिहिलं नव्हतं. व्हर्निअरने तार मोजली: 10 मिमी. आट्याचा बाहेरचा व्यास 80, म्हणजे तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत 70. दोन्ही टोकांचे बसलेले आटे सोडून काम करणारे आटे 7. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या, त्याला 79,000 ने गुणा (स्प्रिंगच्या पोलादासाठी हा आकडा चालतो), मग 8 गुणिले सरासरी व्यासाचा घन गुणिले आटे, याने भागा. उत्तर येतं न्यूटन प्रति मिलिमीटर: 41. किलोत सांगायचं तर एक मिलिमीटर दाबायला 4.2 किलो.

आता जोडा. 4.2 गुणिले 0.307 म्हणजे चाकापाशी 1.29 किलो. 140 किलोला चाक 109 मिमी बसणार आणि शॉकअप 60 मिमी दबणार. स्ट्रोक 80, शिल्लक 20, त्यात 12 मिमीचा रबर. म्हणजे गाडी नुसती उभी असताना रबर टेकायला फक्त 8 मिमी उरत होते, चाकापाशी 14 मिमी. धर्मकाट्याच्या चढावर चाक त्याहून कितीतरी जास्त उचललं जातं. दर फेरीला शॉकअप हातोड्यासारखा ठोकला जात होता. त्याने नऊ आठवडे काढले हेच खूप.

दुसऱ्या जोडीच्या वेळी मी स्प्रिंगखालची रिंग आवळून उपाय केला होता. रिंग 15 मिमी चढवली, गाडी मागून 27 मिमी वर आली आणि मला वाटलं स्प्रिंग कडक झाली. रिंग आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडीची उंची बदलते, दर मिलिमीटरला लागणारे किलो तेच राहतात. चढावर आवाज तसाच येत राहिला, फक्त थोडा उशिरा.

कडक स्प्रिंगसाठी मला तार जाड हवी होती. तेवढाच व्यास, तेवढेच आटे, फक्त तार 11 मिमी घेतली तर कडकपणा 60 न्यूटनवर जातो, म्हणजे 6.1 किलो. एक मिलिमीटर जाडीने जवळपास दीडपट, कारण जाडी चौथ्या घातात येते. मग चाकापाशी 1.87 किलो, चाक बसणार 75 मिमी, शॉकअप दबणार 41, शिल्लक 39.

गाडी आता फार कडक तर होणार नाही ना, हे पाहायला एक सोपा हिशेब आहे. चाकापाशी स्प्रिंग किती मिलिमीटर बसते त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.76 ला त्याने भागा. गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होऊ पाहते ते मिळतं. जुन्या स्प्रिंगला 1.5, नवीला 1.8. साधारण घरगुती कार 1 ते 1.5 च्या आसपास असते, रस्त्यावरची स्पोर्ट्स कार 1.5 ते 2. म्हणजे 1.8 ठीक.

नवी स्प्रिंग घेताना आणखी एक माप बघा: ती पूर्ण दबून आटे एकमेकांना चिकटतात तेव्हाची लांबी. माझी 200 मिमीची, एकूण 9 आटे, 11 मिमीची तार, म्हणजे चिकटल्यावर 99. दबायला 101 मिमी मिळतात, शॉकअपला 80 लागतात. उरलेले 21. म्हणून रिंग 15 मिमीच्या वर चढवायची नाही, नाहीतर शॉकअपऐवजी स्प्रिंगच तळाला लागेल. आणि जुनी स्प्रिंग गॅसने तापवून खाली बसवण्याचा प्रकार कुणी सुचवला तर नको म्हणा. तापवलेल्या तारेचं पाणी जातं, ती पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही.

फुटलेल्या रबराच्या जागी 20 मिमीचा पीयू फोमचा बम्प स्टॉप घातला. साधा रबर एकदम कडक होतो, हा फोम निम्म्याहून जास्त दबतो आणि हळूहळू जोर घेतो.

रॉड एका बाजूला का झिजतो

यासाठी हिशेब नको, हात पुरतात. स्प्रिंग काढून शॉकअप वरच्या बोल्टवर लटकवा आणि चाक तीन ठिकाणी धरा: पूर्ण खाली, चालवतानाच्या उंचीवर, पूर्ण वर. तिन्ही वेळा खालचा डोळा ब्रॅकेटमध्ये बोटाने सरकून बसला पाहिजे. माझा चालवतानाच्या उंचीवर बसला, वर मात्र पहारीने रेटावा लागला. तो रेटा गाडी चालताना रॉडच सोसत होता.

वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यातून जमिनीवर ओळंबा सोडला, खडूने खुणा केल्या. खालचा बोल्ट वरच्यापेक्षा 7 मिमी मागे होता. शिवाय खालच्या ब्रॅकेटचा बोल्ट आर्मच्या बिजागरीला समांतर नव्हता, गुण्या लावल्यावर चार अंशांचा फरक दिसला. टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारताना बरोबर असलेलं ब्रॅकेट पूर्ण वेल्डिंगने ओढलं गेलं होतं. आणि वरचा 10 मिमीचा बोल्ट एकाच पट्टीतून बाहेर आलेला, दुसरं टोक मोकळं. काढून काचेवर लोळवला तर केळीसारखा डगमगत होता. दर ठोक्याला तो थोडा वाकायचा आणि शॉकअपला तिरपं करायचा.

तिन्ही दुरुस्त केलं. वर दोन 5 मिमी पट्ट्यांमध्ये शॉकअप, दोन्ही बाजूंनी आधार, 12 मिमीचा 8.8 ग्रेडचा बोल्ट आणि नायलॉक नट. बोल्टचा गुळगुळीत भाग पट्टीत बसेल एवढा लांब घ्या. भोकात चुड्या आल्या तर तिथूनच झीज सुरू होते. खालचं ब्रॅकेट कापून नव्याने लावलं.

ब्रॅकेट लावायच्या वेळी खरा शॉकअप अंगावर ठेवू नका. वेल्डिंगची एक ठिणगी क्रोमवर पडली की सील फाटायला तेवढी पुरे. गॅस भरलेल्या शॉकअपला उष्णता लागणं तर सरळ धोक्याचं. मी चौकोनी पाइपचा डमी केला, एका टोकाला एक भोक, दुसऱ्या टोकाला तीन: 320, 279 आणि 245 मिमीवर. पूर्ण खाली, चालवतानाची उंची, जवळपास पूर्ण वर. डमी लावून तिन्ही ठिकाणी बोल्ट सहज सरकतो का ते पाहिलं, मग टाके, पुन्हा तपासणी, मग एका बाजूने थोडं दुसऱ्या बाजूने थोडं असं वेल्डिंग, आणि गार झाल्यावर पुन्हा तपासणी. पूर्ण खाली असताना ब्रेकचा होज ताणत नाही ना आणि ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट मोकळा फिरतो ना, तेही याच वेळी पाहून घ्या.

बऱ्याच जणांनी डोळ्यात रबरी बुशऐवजी गोलाकार बेअरिंग घालायला सांगितलं. त्याने तिरपेपणा सोसला जातो हे खरं. पण आपली काळी माती वाळल्यावर पिठासारखी होते आणि अशा उघड्या बेअरिंगमध्ये शिरली की काही महिन्यांत खडखड सुरू होते. डांबरी ट्रॅकवर चालवणाऱ्याने जरूर घालावं. मी ब्रॅकेट सरळ केलं आणि रबरी बुश ठेवला.

लावताना

नवा दोन नळ्यांचा शॉकअप आडवा पडून आलेला असतो, आतल्या नळीत हवा शिरलेली असते. लावण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. मधली पोकळ जागा नाहीशी होते. हा प्रकार उलटा किंवा फार आडवा लावता येत नाही. एका नळीचा गॅसवाला कसाही लावला तरी चालतो. रॉड फिरू नये म्हणून पकडीने धरायचा मोह होतो, तो आवरा. वरच्या टोकाला पान्याची चपटी जागा असते, तिथेच धरा.

मला सर्वात उशिरा कळलेली गोष्ट बुशबद्दलची. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, अशा अवस्थेत मी सगळे बोल्ट कसून टाकायचो. रबरी बुशची आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि हालचाल रबराच्या पिळाने होते. लटकत असताना कसला तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचा पिळलेला राहतो. बुश लवकर फाटतो आणि उंचीही चुकीची दिसते. आता सगळे बोल्ट हाताने लावतो, गाडी चाकांवर उतरवतो, सीटवर तीच युरियाची बॅग आणि कॅन ठेवतो, मागून दोन-चार वेळा दाबून सोडतो, आणि मगच शेवटचा पाना मारतो.

स्प्रिंग दीडपट कडक झाली म्हणून रिबाउंडही सुमारे एक पंचमांश वाढवावा लागतो. माझ्या तिसऱ्या जोडीच्या बटणाला 16 टप्पे आहेत. नवं सील घालून घेतल्यावर सहाव्यापासून सुरू केलं आणि दहाव्यावर थांबलो. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला की वर येऊन शांत व्हावा, दुसरा हेलकावा येऊ नये. चाक लागोपाठच्या खड्ड्यांवर खालीच अडकून राहत असेल तर जास्त झालं, दोन टप्पे मागे या.

पुढच्या शॉकअपना काहीच केलं नाही. ते जास्त उभे आहेत आणि भार कमी. तिथला केबल टाय पहिल्यापासून 50 च्या आतच आहे.

रॉडवर मोटारसायकलच्या फोर्कचा रबरी बूट चढवला, खालच्या बाजूला पाणी निघायला एक बारीक भोक ठेवून. चिखल उडाला तर वाळायच्या आत पाण्याने धुतो, वाळलेला कधी खरवडत नाही.

पहिल्या दिवशी जिनिंगच्या आवारात वीस फेऱ्या मारल्या, धर्मकाट्याच्या चढावर ताशी 40 ने. टाय 66 वर थांबला. म्हणजे फोमला टेकून 6 मिमी आणखी, पुढे 14 शिल्लक. दुकानात येऊन सगळे नट पुन्हा तपासले, वरचा एक पाव फेरा फिरला. त्यानंतर एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा गेला, मे महिन्यात शेडमध्ये 45 अंश असतानाही चालवली. परवा बूट खाली सरकवून कापड फिरवलं. जुना मंद पट्टा सोडला तर रॉड सगळीकडून सारखा चकाकत होता, कापडावर तेलाचा डाग नव्हता आणि टाय अजून 66 वरच होता.